खुंटीवरचे शेले

फार मागची गोष्ट आहे. इतकी मागची, की त्या राज्याचं नाव आता कुणाच्या लक्षात नाही, आणि राजाचंही नाही. गोष्ट मात्र लक्षात राहिली, आणि आपल्याला तेवढी पुरे.

त्या राज्यात एका टेकडीवर मोठं विद्यापीठ होतं. तिथे रोग बरे करायला शिकवत, न्याय करायला शिकवत, पूल बांधायला आणि पाणी वळवायला शिकवत. शिक्षण संपलं की कुलगुरू प्रत्येकाच्या खांद्यावर एक पांढरा शेला घालत आणि राज्यात कुठेतरी पहिलं काम नेमून देत. हे पहिलं काम एकट्याने करायचं, अशी तिथली रीत होती.

काम साधलं, तर शेला जन्मभर अंगावर मिरवायचा. फसलं, तर तो आपल्याच हाताने परत आणून विद्यापीठाच्या दालनात खुंटीवर टांगायचा आणि गुपचूप घरी जायचं. कुणी रागवत नसे. कुणी काही विचारतही नसे. मला विचाराल तर रागावले असते तर बरं झालं असतं, निदान दोन शब्द तरी कानावर पडले असते.

दालनातल्या खुंट्या भरत चालल्या होत्या. पहिल्या खुंटीवरचा शेला पिवळा पडून विरायला आला होता. तो कुणाचा, हे तिथे कुणी कधी विचारलं नव्हतं.

कुलगुरू मोठे कष्टाळू. शेला परत आला की ते अभ्यासात एक ग्रंथ वाढवत. वैद्याचा शेला आला, वैद्यकाचा ग्रंथ वाढला. न्यायाधीशाचा आला, न्यायाचा वाढला. ग्रंथ वाहून मुलांच्या पाठी वाकल्या, तरी शेले येतच राहिले. मग कुलगुरूंना वाटे, अजून एखादा ग्रंथ कमी पडतोय.

या विद्यापीठाची शान म्हणजे तिथली वादसभा. दोघांनी समोरासमोर बसायचं. एकाने मुद्दा मांडायचा, दुसऱ्याने खोडायचा. खोडता आला नाही आणि दुसरा गप्प बसला, की वर टांगलेली पितळी घंटा वाजे आणि मुद्दा सिद्ध झाला असं ठरे. मुलं वर्षानुवर्षं ती घंटा ऐकत मोठी होत. ही घंटा लक्षात ठेवा, पुढे तिचं काम आहे.

तिथे पाण्याची विद्या शिकणारी एक मुलगी होती. सगळ्यांत जास्त वेळा घंटा वाजे ती तिच्यासाठी. पण दालनातून जाताना मात्र तिची मान खाली जाई, कारण एका खुंटीवर तिच्या थोरल्या भावाचा शेला टांगलेला होता.

भाऊही पाण्याचीच विद्या शिकला होता, आणि तिच्याहून हुशार होता. एका गावात पाटाच्या पाण्याच्या पाळ्या लावून द्यायला तो गेला. कुणाच्या शेताला कधी आणि किती पाणी, याचं त्याचं गणित चोख होतं. तरी दुसऱ्या दिवशी पाटाचं दार कुणीतरी फोडून टाकलेलं दिसलं. तेव्हापासून तो घरी दोर वळत बसे आणि त्या कामाविषयी चकार शब्द काढत नसे. घरच्यांना वाटलं, त्याने मनाची समजूत घातली असेल.

शेवटचं वर्ष लागलं तेव्हा मुलीने मनाशी ठरवलं, की आपला शेला त्या खुंट्यांवर जाणार नाही. पण तो जाऊ नये म्हणून काय करायचं? ग्रंथ तर दादानेही सगळे वाचले होते. तिने बराच विचार केला, आणि मग विचार करायचा सोडून ज्याचा शेला अंगावर टिकला होता अशा माणसाच्या शोधात निघाली.

टेकडीखाली नदीवर मोठा बंधारा होता. तो एक बाई सांभाळत. त्याही याच विद्यापीठात शिकलेल्या. त्यांचा शेला चिखलाने मातकट झाला होता आणि त्यांनी तो कमरेला गुंडाळला होता.

"बाई, मला तुमच्यासोबत कामावर येऊ द्या," मुलगी म्हणाली.

"का? वर गुरुजी नाहीत?"

"आहेत. पण माझ्या दादालाही तेच गुरुजी होते."

बाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. मग म्हणाल्या, "मला वेळ नाही."

मुलगी दुसऱ्या दिवशी पुन्हा आली. तिसऱ्या दिवशीही आली. बाई म्हणाल्या, "ऊन लागेल, जा." ती सावलीत सरकून बसली. बाई म्हणाल्या, "पाऊस येईल, जा." ती आडोशाला उभी राहिली. शेवटी बाईंनीच हात टेकले.

"काय हट्टी मुलगी आहेस तू!"

"आहे."

"मग चल. इथे हट्टाला काम आहे."

कुलगुरूंच्या कानावर हे गेलं तेव्हा त्यांनी नाक मुरडलं. "शिकण्यासारखं जे आहे ते सगळं ग्रंथांत आहे," ते म्हणाले. पण मना करायला नियम सापडेना. सकाळचे पाठ संपले की मुलगी धावत टेकडी उतरू लागली.

एके दिवशी पाटातला गाळ काढायचा होता. मजूर जमले होते. बाई म्हणाल्या, "आज तू सांग."

मुलीने काम समजावून सांगितलं. कुठून सुरुवात करायची, गाळ कुठे टाकायचा, काम कधी संपेल. सांगून झाल्यावर तिने विचारलं, "कुणाला काही म्हणायचंय?" सगळे गप्प. मुलीच्या कानात घंटा वाजली. ती हसत बाईंकडे वळली. "पटलं सगळ्यांना!"

बाई एका दगडावर बसल्या होत्या. त्यांनी चंचीतून अडकित्ता आणि सुपारी काढली आणि कातरायला घेतली. "बस," त्या म्हणाल्या.

"पण झालं ना, बाई?"

"सुपारी व्हायची आहे अजून."

मुलगी बसली. अडकित्त्याची कुटकुट तेवढी चालू होती. मजुरांनी पाय हलवले, कुणी पाणी प्यायलं. आणि मग त्यांच्यातली एक मजूरीण घसा खाकरून म्हणाली, "ताई, तुमचं सारं बरोबरच हाय. पण तिकडं वळणावरच्या कमानीखाली आग्या मोहोळ लागलंय. तिथं पहिलं फावडं मारलं तर आमचं काय खरं नाही."

"मग मघाशी का नाही बोललात?"

"तुमी उभ्याच हुता की. उभ्या मानसाला जायची घाई असती."

परतताना बाईंनी विचारलं, "आज कोण गप्प होतं?"

"सगळेच."

"का?"

मुलीला सांगता येईना. "उद्या सुचलं तर सांग," बाई म्हणाल्या आणि चालू लागल्या.

त्यानंतर हा रोजचा प्रश्न झाला. आज कोण गप्प होतं? आणि का? सुरुवातीला मुलीला उत्तरं यायची नाहीत. हळूहळू तिला दिसू लागलं, की एखादा भिडेपोटी गप्प असतो, एखादा रागाने, आणि एखादा नुसता दमलेला असतो. हे कुठल्याच ग्रंथात नव्हतं. आणि पाण्याचं गणित चुकत नसे, म्हणून ग्रंथही वाया गेले नव्हते. बाई तिच्याकडून ते गणित रोज करून घेत आणि चुकलं तर पुन्हा करायला लावत.

एकदा मुलगी घाईत उठली. एक गवंडी काहीतरी बोलणार होता, तो तसाच राहिला. आठवड्याने तिने बांधून घेतलेली छोटी भिंत पाण्याने ओढून नेली. बाईंनी एक फावडं तिच्या हातात दिलं, एक आपण घेतलं, आणि दोघी गुडघाभर चिखलात उभ्या राहून भिंत पुन्हा घालू लागल्या.

"तुम्हाला कळलं होतं ना, बाई, ही पडणार म्हणून?"

"कळलं होतं."

"मग थांबवलं का नाहीत?"

"भिंत छोटी होती," बाई म्हणाल्या. "मोठी असती तर थांबवलं असतं." थोड्या वेळाने त्या पुन्हा म्हणाल्या, "वर टेकडीवर जो गप्प बसतो तो हरलेला असतो. इथे जो गप्प बसतो त्याचं बोलणं अजून व्हायचं असतं. घंटेची सवय मोडायला मला फार वेळ लागला. तेव्हा माझ्यासोबत एक म्हातारे अधिकारी होते, म्हणून हा शेला माझ्या कमरेला आहे."

"मलाही असा अडकित्ता द्याल?"

"सुपारी खातेस?"

"नाही."

"मग माझा अडकित्ता घेऊन काय करशील? तुझं तू काहीतरी शोध."

मुलगी त्या दिवसापासून पिशवीत भुईमुगाच्या शेंगा ठेवू लागली.

वर्ष संपलं. कुलगुरूंनी तिच्या खांद्यावर शेला घातला आणि ते तिला एक सोपं काम नेमून देऊ लागले. मुलगी हात जोडून म्हणाली, "गुरुजी, मला दादाचं गाव द्या."

कुलगुरूंचा चेहरा उतरला. "त्या गावातून शेलेच परत येतात, बाळ. दुसरं काहीही माग."

"तेच द्या."

कुलगुरू तिच्याकडे न बघता खुंट्यांच्या रांगेकडे बघत राहिले. मग त्यांनी होकार दिला.

निघताना मुलगी बंधाऱ्यावर गेली. "मला येता येणार नाही," बाई म्हणाल्या. "रीत आहे. भीती वाटते का?"

"वाटते."

"वाटू दे. मात्र जाताना घरावरून जा."

मुलगी घरी आली तेव्हा भाऊ अंगणात दोर वळत होता. ती त्याच्याशेजारी बसली आणि शेंगा सोलू लागली. "दादा, त्या गावात काय झालं होतं?" तिने विचारलं. भाऊ बोलला नाही. ती उठली नाही. शेंगांच्या टरफलांचा ढीग झाला, ऊन अंगणातून भिंतीवर चढलं, आणि मग दोर वळता वळताच भाऊ बोलू लागला.

"मी पाळ्या सांगितल्या. कुणी काहीच बोललं नाही. मला वाटलं, जिंकलो. त्यांनी गुळपाणी दिलं, मी दार उघडलं आणि निघालो. खालच्या आळीची माणसं मागे उभी होती. माझं त्यांच्याकडे लक्षच गेलं नाही." त्याचे हात थांबले. "इतक्या वर्षांत मला हे कुणी विचारलं नाही गं."

मुलीचे डोळे भरून आले. "मीसुद्धा नाही विचारलं, दादा," ती म्हणाली. मग डोळे पुसून तिने शेला घट्ट बांधला आणि गावाची वाट धरली.

गाव दोन आळ्यांचं होतं. वरची आळी गावच्या बंधाऱ्याजवळ, खालची पाटाच्या टोकाला. उभं पीक पाण्यावाचून माना टाकत होतं. राजाचा कारभारी साक्षीला आला होता. दिवस मावळायच्या आत गावाच्या संमतीने पाणी सुटलं आणि पुढे दार शाबूत राहिलं, तर काम साधलं. नाही सुटलं, तर फसलं.

मुलीने आदल्या दिवशी सगळा पाट पालथा घातला होता, माती हातात घेऊन पाहिली होती, गणित मांडलं होतं. पारावर गाव जमलं. तिने पाळ्या समजावून सांगितल्या. सगळे गप्प. वरच्या आळीचा पाटील म्हणाला, "झकास! पटलं सगळ्यांना. गुळपाणी आणा आणि पाटाला नारळ फोडा."

मुलीच्या कानात ती जुनी घंटा वाजली. अगदी खणखणीत वाजली. तिने पाराखाली जमिनीवर बैठक मारली आणि शेंगा सोलायला घेतल्या.

"आता काय राहिलं?" पाटलाने विचारलं.

"शेंगा राहिल्यात."

लोक हसले. मग हसणं थांबलं. कारभारी सूर्याकडे पाहू लागला. सावल्या लांबल्या तसा त्याने पुढे येऊन बजावलं, "मुली, दिवस कलला. आता दार उघडलं नाहीस तर तुझा शेला गेला." मुलीला खुंटी दिसली, दादाच्या शेल्याशेजारची. तरी ती शेंगा सोलत राहिली.

गुळपाणी घेऊन आलेली पाटलाची सून तांब्या खाली ठेवून तिच्याजवळ टेकली. तिनेही एक शेंग उचलली. ती हळूच म्हणाली, "मागं ती मुंडाशातली मानसं दिसतात का? खालच्या आळीची. त्यात माझा बाप हाय. त्यो बोलायचा नाही."

"का?"

"मी इथं दिलीया ना. खालच्या आळीच्या बहुतेक लेकी वरच्या आळीत दिल्यात. लेकीकडच्यानं व्याह्यासमोर तोंड उघडायचं नसतं. उघडलं तर लेकीला ऐकून घ्यावं लागतं."

मुलीला आता सगळं लख्ख दिसलं. भांडायचं नाही, नाव सांगायचं नाही, म्हणून त्या लोकांनी गुपचूप दार फोडलं होतं.

"मग तू बोलशील?" तिने विचारलं. "तू दोन्हीकडची आहेस."

सून पदर सावरून उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली, "पाळी दरवेळी वरनं सुरू हुते. वरची रानं भिजस्तवर बंधारा अर्धा होतो. मग जी बारीक धार उरती ती पाटातच मुरून जाती. माझ्या बापाच्या शेताला कागदावर पानी हाय, शेतात नाही."

पाटील चपापला. मागे उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्याकडे वळून म्हणाला, "व्याही, असं हुतं तर बोलला का नाहीत कधी?"

म्हातारा म्हणाला, "कसा बोलू? लेक तुमच्या घरात हाय."

पाटलाने आपल्या रानांकडे पाहिलं. मग म्हणाला, "पन आमची रानं वाळली म्हंजे?"

आता मुलीची विद्या कामाला आली. ती उठली. "पाटील, तुमची जमीन काळी आहे. ती ओल धरून ठेवते, खालची मुरमाड जमीन ठेवत नाही. आधी शेवटच्या शेताला पाणी दिलं आणि तिथून वर येत गेलो, तर तुमचं पीक थांबू शकतं. पाणी तेवढंच आहे आणि वाटेही तेवढेच. फक्त सुरुवात टोकाकडून करायची. मी काल जी पाळी मांडली ती चुकीची होती."

पाटलाने सुनेकडे पाहिलं, मग व्याह्याकडे. "उघडा दार," तो म्हणाला. "पन नारळ व्याह्यांच्या हातनं फुटू दे."

सूर्य टेकायच्या आत पाणी पाटातून धावत निघालं आणि सगळ्यांत आधी शेवटच्या शेतात शिरलं. पुढच्या पाळीलाही ते दार शाबूत होतं, आणि त्याच्या पुढच्याही.

मुलगी विद्यापीठात परतली तेव्हा वादसभा भरली होती. दारात बंधाऱ्याच्या बाई येऊन उभ्या होत्या. कुलगुरू आनंदाने म्हणाले, "पाहिलंत? हा आपल्या ग्रंथांचा विजय आहे!"

मुलगी समोर जाऊन उभी राहिली. "गुरुजी, ग्रंथ नसते तर मला माती कळली नसती. पण बाईंनी वर्षभर सोबत नेलं नसतं, तर माझा शेलाही इथेच टांगला असता. शेवटच्या वर्षी प्रत्येकाला कामात मुरलेलं एक माणूस द्या. त्याच्यासोबत जाऊ द्या, चुकू द्या, आणि त्या माणसाला रोज विचारू द्या, आज कोण गप्प होतं."

कुलगुरू गप्प झाले. सभा गप्प झाली. शिरस्त्याप्रमाणे घंटेवाल्याने दोरीला हात घातला.

"थांबा!" मुलगी म्हणाली. "घंटा वाजवू नका. गुरुजींचं बोलून व्हायचंय."

आणि ती भर सभेत खाली बसून शेंगा सोलू लागली. कुणी खुदकन हसलं, त्याला शेजाऱ्याने कोपर मारलं. कुलगुरू कितीतरी वेळ जमिनीकडे पाहत होते. मग ते उठले, थकल्या पावलांनी दालनात गेले, आणि पहिल्या खुंटीवरचा तो विरलेला, पिवळा शेला काढून घेऊन आले.

"हा माझा आहे," ते म्हणाले.

घंटेवाल्याने दोरी सोडून दिली.

"तेच गाव होतं. मला वाटलं, आपलं शिक्षण कमी पडलं, आणि घरी न जाता मी इथेच वाचत बसलो. म्हणून मी तुम्हाला जास्त जास्त शिकवत राहिलो. तिथे काय झालं, हे मला कधी कुणी विचारलं नाही."

"मी विचारते, गुरुजी," मुलगी म्हणाली. "काय झालं होतं?"

कुलगुरू तिच्याशेजारी जमिनीवर बसले. तिने ओंजळभर शेंगा त्यांच्यापुढे ठेवल्या. आणि राज्यातला सगळ्यांत विद्वान माणूस लहान मुलासारखा सांगू लागला.

पुढच्या वर्षापासून शेवटच्या वर्षाच्या प्रत्येक मुलामुलीला कामातलं एक माणूस सोबतीला मिळू लागलं. ज्यांचे शेले खुंटीवर होते त्यांना बोलावून घेतलं, त्यांची हकीकत ऐकली, आणि पुष्कळांनी आपापले शेले काढून नेले. मुलीचा भाऊ बाईंच्या बंधाऱ्यावर रुजू झाला, आणि रोज दुपारी एक हट्टी विद्यार्थी त्याच्याकडे येऊन डोकं खाऊ लागला.

पहिलं काम एकट्याने करायची रीत तशीच राहिली. अधूनमधून एखादा शेला अजूनही परत यायचा, पण तो खुंटीवर जाण्याआधी कुणीतरी त्या माणसाजवळ जाऊन बसायचं. पितळी घंटाही कुणी काढली नाही. ती आता जेवणाची वेळ झाली की वाजते, आणि तेव्हा खरोखरच सगळे एकमताने उठतात.

तात्पर्य : विद्या गुरूकडून मिळते, पण ती जगात वापरायला यावी म्हणून त्या वाटेने आधी गेलेल्या माणसाने काही काळ सोबत चालावं लागतं.